माळवस्तीच्या चढावरची पावलं

"गेलं! परत गेलं! समदं पुसलं!"

म्हाळूचा आवाज मुळातच मोठा, त्यात सकाळची शांत वेळ. खुराड्यातल्या कोंबड्यासुद्धा दचकल्या! वर्षाराणी हातातली घागर तिथेच ठेवून पळत सुटली. तिच्या मागोमाग सत्यशीला आली, काखेत वही घेऊन. ही वही तिला सुट्टीतही सोडवत नसे. रोज काय काय घडलं ते ती तारीखवार लिहून ठेवी, अगदी म्हाळूने किती थापा मारल्या तेसुद्धा.

तिघंही चढावर पोचली. काल संध्याकाळी या सिमेंटच्या रस्त्यावर दोन मोर होते, वेल होती, आणि मधोमध पांढरी पावलं होती. आता वरपासून खालपर्यंत नुसते फिकट ओघळ उरले होते. वर्षाराणीने वाकून वाकून पाहिलं. पाऊल एकही शिल्लक नव्हतं.

"रडू नको बे," म्हाळू म्हणाला. तो मुलींनाही 'बे' म्हणे.

"मी न्हाई रडत!" वर्षाराणी म्हणाली आणि ओढणीने डोळे पुसले.

वडवणीच्या अलीकडे रस्त्याला लागून बोरफाटा गाव आहे, आणि फाट्यावरून चढ चढून गेलं की माळवस्ती. मागच्या शनिवारी या गावात बीडला चित्रकला शिकणारी सहा मुलंमुली आली होती. ती शाळेच्या एका खोलीत उतरली होती. त्यांचं काम मोठं अजब होतं. गेरू, चुना, खडू आणि रांगोळी घेऊन रस्त्यावर चित्रं काढायची, आणि ती टिकावीत अशी इच्छाच धरायची नाही!

"वारा आला, पाऊस आला की जाईल," त्यांच्यातली संस्कृतीताई हसत म्हणायची. "तोवर येणाऱ्याजाणाऱ्याला बरं वाटलं, झालं आपलं काम."

"आमच्या परळीत तर अंगणात सकाळी चित्र काढलं की दुपारी त्याच्यावर वीजकेंद्राच्या राखेचा थर," अभिमन्यूदादा सांगायचा. "आपल्याला पुसायची सवयच हाय!"

प्रत्येकाने आपल्या मनातलं चित्र सांगायचं होतं. म्हाळूला ट्रॅक्टर हवा होता. तो फाट्याजवळच्या सपाट रस्त्यावर काढला गेला, आणि म्हाळू दिवसातून चार वेळा त्याच्या स्टिअरिंगवर जाऊन बसू लागला. सत्यशीलेने मोर सांगितले. वर्षाराणीने मात्र आधी सगळ्यांचं ऐकून घेतलं. मग हळूच म्हणाली, "मला पावलं पायजेत. चढाच्या खालपासून आमच्या दारापर्यंत."

भादव्यात महालक्ष्म्या येतात तेव्हा तिची आई तशी पावलं काढत असे. मूठ रांगोळीच्या पाण्यात बुडवायची, जमिनीवर टेकवायची, वर बोटाने पाच ठिपके द्यायचे. "बोटं कायम घराकडं," आई बजावायची. "येणाऱ्याची वाट हाय ती."

दसरा झाला आणि आई-अण्णा टोळीबरोबर ऊसतोडीला गेले. वर्षाराणी आबांपाशी, म्हणजे रामहरी आजोबांपाशी राहिली. दरवर्षी मार्च संपता संपता पट्टा पडायचा, म्हणजे कारखान्याचं गाळप थांबायचं आणि टोळ्या गावाकडे निघायच्या. यंदा ऊस उदंड. मार्च गेला, एप्रिल गेला, परीक्षा झाली, निकाल लागला, तरी आई आली नाही. वर्षाराणीला आईची इतकी आठवण यायची की संध्याकाळी शेजारच्या घरात बांगड्या वाजल्या तरी ती उंबऱ्यात येऊन उभी राहायची. आईची जुनी चप्पल तिने खाटेखाली जपून ठेवली होती. पावलांचं माप तिने त्या चपलेवरूनच घेतलं होतं.

आणि मंगळवारी अण्णांचा फोन आला होता. "पट्टा पडला, पोरी! शुक्रवारी सकाळी फाट्यावर उतरतो!"

आज बुधवार होता आणि चढ पुसलेला होता.

"कोण पुसतंय? कावून पुसतंय?" म्हाळू हाताची घडी घालून एखाद्या फौजदारासारखा येरझाऱ्या घालू लागला. "मला तर सरपंचबाईंच्या म्हशींचा संशय येतो."

"म्हशीला शेण टाकता येतं, पुसता येत न्हाई," सत्यशीलेने त्याला गप्प केलं आणि वही उघडली. "ऐका. चढावर चित्रं काढली रविवारी. सोमवारी सकाळी पुसलेली होती. सोमवारी परत काढली. मंगळवारी सकाळी जशीच्या तशी. आज पुसली. आणि खाली सपाटीवरचा ट्रॅक्टर एकदाही पुसला न्हाई."

"माझा ट्रॅक्टर लई दमदार हाय!"

"दमदार न्हाई, तो सपाटीवर हाय!" वर्षाराणी एकदम म्हणाली. "सोमवारी काय असतं? बुधवारी काय असतं?"

तिघंही एकदमच ओरडली.

"टँकर!"

माळवस्तीच्या हौदात सोमवारी, बुधवारी आणि शुक्रवारी भल्या पहाटे टँकर येई. उजाडायच्या आत बायका रांगेत उभ्या राहत. रांग अर्ध्यावर आली की हौदातलं पाणी संपे. आबांचा ड्रम कधी पुरता भरतच नव्हता. त्रिंबककाका ड्रायव्हर वर तोंड करून म्हणायचे, "मी टाकी भरूनच आणतो. तुमचाच वापर लई!"

"पाणी इथं सांडतंय," वर्षाराणी त्या ओघळांकडे पाहत म्हणाली. "चढाला टाकी मागं कलते, धार लागते, पाणी रस्त्याने खाली जातं. आणि रस्ता उन्हाने असा तापलेला की आपण येईपर्यंत समदं वाळून जातं. म्हणून तर कुणाला कळलं न्हाई!"

म्हणजे तिची पावलं पुसणारा आणि आबांचा ड्रम अर्धा ठेवणारा चोर एकच होता.

तिघं तडक फाट्यावर गेली. त्रिंबककाका चहाच्या टपरीवर बशी फुंकत बसले होते.

"काका, तुमचा टँकर गळतो!"

"गळतो?" काकांनी बशी खाली ठेवली. "एक थेंब गळत न्हाई! इमानाने सांगतो. तुमचे रंगच कच्चे, अन् नाव माझं? चला, पळा!"

म्हाळू तोवर टँकरच्या मागे जाऊन आला होता. "तोटीला रबर न्हाई! नुसती चिंधी कोंबलीय!" तो कुजबुजला. पण काका उठून उभे राहिले, आणि तिघांना खरंच पळावं लागलं.

सरपंच सत्यभामाबाईंनी निदान ऐकून तरी घेतलं. "पोरांनो, चिंधी दाखवून काय होणार? ती तर अर्ध्या गावाच्या नळाला हाय," त्या म्हणाल्या. "त्रिंबक रुसून बसला तर आठ दिवस पाणी बंद पडेल. मला डोळ्यांनी बघायला मिळू द्या, मग मी बोलते."

डोळ्यांनी कसं दाखवायचं? पहाटेच्या अंधुक उजेडात ओलं सिमेंट आणि कोरडं सिमेंट एकसारखंच दिसतं. वर्षाराणी घरी येऊन चुलीपाशी बसली. आबांना चहा देताना तिच्या हातून पाणी सांडलं आणि थेंब चुलीतल्या राखेवर उडाले. पांढऱ्या राखेवर काळे, ठसठशीत ठिपके! ती टक लावून पाहतच राहिली, आणि चहा तसाच टाकून, वाटेत म्हाळू आणि सत्यशीलेला हाका मारत शाळेकडे धावली.

"राख! ताई, चढावर राख पसरायची!"

अभिमन्यूदादाने उडीच मारली. "राखेचं नाव काढलं अन् परळीवाला मागं राहील का?"

"लई भारी!" म्हाळू ओरडला.

सत्यशीला मात्र वहीत बोट ठेवून तशीच उभी होती. "पण टँकर आता शुक्रवारीच येणार," ती म्हणाली. "शुक्रवारी पहाटे चढावर राख पायजे. मग वर्षे, तुझी पावलं?"

राख पसरली तर पावलं काढता येणार नव्हती. आणि एकदा चढ ओला झाला की त्यावर रांगोळी धरणार नव्हती. आई तर सकाळीच येणार होती.

"आपण पुरावा सोमवारी घेऊ," संस्कृतीताई हळुवारपणे म्हणाली. "आम्ही शुक्रवारी निघायच्या ऐवजी आणखी तीन दिवस थांबतो. शुक्रवारी टँकरला खालीच थांबवून बघू, आणि तुझी पावलं राहू दे."

वर्षाराणीला ते फार फार आवडलं असतं. सात महिने तिने त्या एका सकाळची वाट पाहिली होती. पण टँकर खाली थांबला तर हौद कोरडाच राहणार. सात महिने ऊस तोडून आई घरी येईल, ड्रममध्ये डोकावेल, आणि एक शब्द न बोलता घागर उचलून लांबच्या बोअरवर जाईल. वर्षाराणीला ती जाताना दिसलीसुद्धा.

"न्हाई," ती म्हणाली. "राखच पसरू." आणि पुढे कुणी काही विचारू नये म्हणून तिने घरोघर राख मागायला सुरुवात केली.

गुरुवारचा दिवस धमालीत गेला. वस्तीतल्या एकूण एक चुली रिकाम्या झाल्या. चित्रकलेच्या मुलांनी राख चाळली, सारखी पसरली, आणि दोन्ही बाजूंनी गेरूची किनार काढली. म्हाळू तर इतका राखाडी झाला की त्याच्या आईने त्याला दारातच अडवून नाव विचारलं!

मग संस्कृतीताई त्रिंबककाकांकडे गेली. "काका, चढावरच्या नव्या चित्राचं उद्घाटन आहे. सरपंचबाई येणार आहेत. पण पहिला मान तुमच्या टँकरचा!"

काकांची छाती फुगली. "असं म्हणता? येतो की!"

शुक्रवारी पहाटे काका इस्त्रीचा शर्ट घालून आले. टँकरच्या बोनेटला झेंडूची माळ होती. चढाच्या कडेला सगळी वस्ती गोळा झाली होती, आणि सत्यभामाबाई पदर खोचून मधोमध उभ्या होत्या. वर्षाराणीने टाळ्या वाजवून इशारा दिला, आणि टँकर घरघरत चढाला लागला.

अर्धा चढ होतो न होतो तोच टाकी मागे कलली. फटकन चिंधी उडाली आणि धार सुटली! पांढऱ्या राखेत काळीभोर रेघ उमटू लागली. टँकर वर जाईल तशी ती लांबत गेली, तिला फाटे फुटले, आणि फाटे खाली वाहत गेरूच्या किनारीत शिरले. पार वर पोचल्यावर काका ऐटीत खाली उतरले, हात जोडले, आणि मागे वळून पाहिलं. त्यांचे हात तसेच जोडलेले राहिले.

तोवर म्हाळूने खडूने चढाच्या पायथ्याशी सही करून टाकली होती : 'चित्रकार : त्रिंबककाका'.

सगळी वस्ती खो खो हसू लागली. सत्यभामाबाई मात्र हसल्या नाहीत. त्या त्या रेघेकडे पाहत म्हणाल्या, "त्रिंबक, बायकांच्या डोक्यावरचं पाणी हाय हे."

"चुकलं, बाई," काका खाली मान घालून म्हणाले. "पुढं बघूनच चालवलं. मागं कधी बघितलंच न्हाई." त्यांनी दुपारच्या आत वडवणीहून नवी तोटी बसवून आणायचं कबूल केलं, आणि संध्याकाळी आणखी एक खेप आणायचंही.

"आम्ही मोठे इतके दिवस रांगेत भांडत राहिलो," सत्यभामाबाईंनी तिघांना जवळ घेतलं. "आणि शोध लावला तो या पोरांनी! शाबास! अगं सत्यशीले, हेपण लिही तुझ्या वहीत!"

सगळे टाळ्या वाजवत होते. वर्षाराणीही वाजवत होती, पण तिची नजर त्या चिखलाने भरलेल्या चढावर होती. तेवढ्यात फाट्यावर ट्रकचा हॉर्न वाजला.

गाठोडी, भांडी, शेळ्या आणि माणसं खाली उतरू लागली. त्या गर्दीत तिला हिरवं लुगडं दिसलं. आई! किती वाळली होती, किती काळवंडली होती! वर्षाराणी चपला भिरकावून चढावरून धावत सुटली आणि दोन पावलांतच घसरली.

"थांब गं, पडशील! मीच येते वर!" आईने खालून हाक मारली. चिखलात भरू नयेत म्हणून तिने चपला काढून हातात घेतल्या, आणि डोक्यावरचं गाठोडं सावरत ती चढ चढू लागली. मागून अण्णा येत होते.

आई पोचली. गाठोडं खाली पडलं. वर्षाराणीने नेहमीसारखी आईच्या कमरेला मिठी मारायला हात पुढे केले, पण या वेळी ते खांद्यापर्यंत गेले. सात महिन्यांचं बोलायचं म्हटलं तर सुरुवात कुठून करायची?

मग आईच्या खांद्यावरून वर्षाराणीने खाली पाहिलं. ओल्या राखेत आईची पावलं उमटली होती. चढाच्या खालपासून तिच्यापर्यंत, टाच, तळवा, पाच बोटं. सगळ्या पावलांची बोटं घराकडे!

"आई, बघ!"

आईने वळून पाहिलं. मग तिचं लक्ष जवळच्याच दोन पावलांकडे गेलं, वर्षाराणी जिथे घसरली होती तिथे. "ही बी माझीच का? पण ही तर उलट्या तोंडाची."

"ती माझी."

आईने वाकून पाहिलं. मग आपलं पाऊल अलगद उचलून तिने लेकीच्या पावलात ठेवलं. ते तंतोतंत बसलं. आईचे डोळे भरून आले.

"एवढी झालीस व्हय!" ती म्हणाली. "अन् मला दिसलंच न्हाई."

"आता दिसतंय ना," आबा मागून म्हणाले. "चला घरी. पाणी घ्या आधी."

दुपारी चित्रकलेची मुलं बीडच्या एसटीत बसली. सत्यशीलेने त्यांची नावं वहीत लिहून घेतली. म्हाळू ट्रॅक्टरवर बसून त्यांना हात करत राहिला. मग गरम वारा सुटला, वाळलेली राख उडू लागली, आणि चढावरची सगळी पावलं तासाभरात गेली. वर्षाराणीला ते कळलंही नाही. ती आईच्या मांडीवर डोकं ठेवून गाढ झोपली होती.