लेन्स वेगळी घ्यावी लागेल

कॅमेऱ्याचा खोका आला तेव्हा घरात माणसं चारच होती, पण गलका चाळीस जणांचा होता. बाबा चष्मा लावून यादीचा कागद घेऊन बसले, आईनं जेवणाचं टेबल दोनदा पुसलं, आणि आत्या तर पोहण्याच्या तलावावरून ओल्या केसांनिशी थेट आली होती. खोका उघडण्याचा मान भिंगरीचा. लहानपणी ही पोरगी एका जागी म्हणून बसायची नाही, तेव्हा आत्यानं ठेवलेलं हे नाव आता ती अठ्ठावीस वर्षांची झाली तरी तिला चिकटून होतं. सहा वर्षं तिनं शूटिंगवर दुसऱ्यांचे कॅमेरे वाहिले होते, पुसले होते, रात्री जपून पेटीत ठेवले होते. हा पहिला तिचा स्वतःचा.

बाबा वाचायचे, ती वस्तू वर धरून दाखवायची, बाबा पेन्सिलीनं खूण करायचे. कॅमेरा एक. वरून धरायची मूठ एक. बॅटऱ्या दोन, चार्जर एक. छोटा स्क्रीन आणि त्याची वायर. रेकॉर्डिंगचं कार्ड. स्क्रू पिळायची चावी. एक धातूचं कडं, ते कशाचं हे बाबांना कळेना. तरी त्यांनी खूण केली. मग आईनं कॅमेऱ्याच्या तोंडावरचं काळं झाकण हौसेनं काढलं आणि आत डोकावली.

"आणि बघायचं कशातून गं?"

भिंगरीनं रिकामा खोका उलटा करून झटकला. कागदाच्या तळाशी मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिलेलं बाबांनी सावकाश वाचलं, की चित्रातली लेन्स फक्त माहितीसाठी आहे. लेन्स वेगळी घ्यावी लागेल. रोज दुसऱ्यांच्या सामानाची यादी तीनतीनदा तपासणारी ही मुलगी, आणि स्वतःची मागणी नोंदवताना मात्र सवलत संपायला सात मिनिटं उरली म्हणून तिनं शेवटची ओळ वाचलीच नव्हती.

एरवी तिनं हे हसण्यावारी नेलं असतं. पण तलाव पुढच्या शनिवारी बंद होणार होता. छप्पर पाडून सगळं नव्यानं बांधायचं होतं, नवी माणसं नेमायची होती, आणि एकतीस वर्षं त्या पाण्यात निम्म्या गावाला हातपाय मारायला शिकवणारी आत्या त्याच दिवशी घरी बसणार होती. तिचा शेवटचा आठवडा भिंगरीला चित्रित करायचा होता. तिनं लगेच लेन्स मागवली, पण ती यायला दहा दिवस लागणार होते. भाड्यानं देणारी दोन दुकानं होती, दोघांच्याही लेन्स कुठल्याशा मोठ्या शूटिंगला गेलेल्या. त्यांतल्या एकानं मात्र सांगितलं, की टपालकचेरीमागं जिन्याखाली एक दुकान आहे, तिथं जुन्या लेन्स दुरुस्त होतात, विचारून बघा.

बाबांना न कळलेलं ते धातूचं कडं खिशात घालून ती दुसऱ्या दिवशी, शनिवारी सकाळी तिथं गेली. त्या कड्यामुळं नव्या कॅमेऱ्यावर जुनी लेन्स बसवता येते, एवढं तिला पक्कं ठाऊक होतं.

दुकान कपाटाएवढं. आत एक माणूस टेबलावर ओणवा झालेला, एका डोळ्याला भिंग, हातात चिमटा, आणि चिमट्यात केसासारखी बारीक स्प्रिंग.

"एक मिनिट," तो मान वर न करता म्हणाला, "श्वास रोखा."

तिनं रोखला. का रोखतोय आपण, असा विचारही केला नाही. त्याची बोटं लांबसडक होती, आणि ती स्प्रिंग जागेवर बसवताना अजिबात हलत नव्हती... मिनिट लांबलं. तिचा चेहरा लाल झाला. शेवटी टक् असा बारीक आवाज आला आणि त्यानं वर पाहिलं. एक डोळा भिंगामागं भलामोठा, दुसरा साधा, तपकिरी.

"सोडा आता."

तिनं एवढा मोठा श्वास सोडला की टेबलावरचे दोन कागद उडाले. ते गोळा करताना दोघंही हसू दाबत होती.

तिनं सगळी हकीकत सांगितली. त्यानं कडं उलटसुलट करून पाहिलं, मागच्या कप्प्यातून एक काळी, जड, कडा झिजलेली लेन्स काढली आणि बसवून पाहिली. अगदी बसली. मग त्यानं वही ओढली आणि नाव विचारलं. गडबडीत तिच्या तोंडून गेलं, "भिंगरी."

तो लिहिता लिहिता थांबला. "भिंगांच्या दुकानात... भिंगरी?"

कान गरम झाल्यामुळं तिनं घाईघाईनं खरं नाव सांगितलं. त्यानं ते लिहिलं, पण हाक त्या नावानं पुढं कधीच मारली नाही.

एक अडचण मात्र होती. ती लेन्स त्याच्या मामाची. मामानंच त्याला हे काम शिकवलं होतं, आणि जाताना बजावलं होतं की ही लेन्स दुकानाबाहेर एकटी सोडायची नाही. त्यामुळं ती हवी तर तो सोबत येणार, रोज.

"म्हणजे लेन्स घेतली की तुम्हीही सोबत मिळता?" तिनं विचारलं.

"दुर्दैवानं," तो गंभीर चेहऱ्यानं म्हणाला.

सोमवारी सकाळी बाहेर चांगलीच थंडी होती आणि तलावाच्या बंद दालनात ऊबदार, दमट हवा. तो स्कूटरवरून लेन्सची पिशवी पोटाशी धरून आला. पिशवी उघडायला ती पुढं झाली तसं त्यानं हात आडवा घातला. थंड काच एकदम या हवेत आणली तर तिच्यावर वाफ धरते, आतूनसुद्धा; पाऊण तास पिशवीतच राहू द्यायची, मग काढायची.

मग काय, पाऊण तास दोघं प्रेक्षकांच्या लाकडी बाकावर बसून राहिली. त्याच्याकडं थर्मास होता, तिच्याकडं बिस्किटं. पाण्याकडून आत्याच्या शिट्टीचा आवाज यायचा, पोहणाऱ्या बायकांचे हात एकापाठोपाठ एक वर यायचे, आणि पाण्यावरून उसळलेला उजेड छतावर थरथरत राहायचा. भिंगरीनं त्याला त्या बायकांबद्दल सांगितलं. निळ्या टोपीतली बाई साठीनंतर शिकली. तिच्या पलीकडची गेली नऊ वर्षं रोज येते आणि अजून डोकं पाण्याखाली घालत नाही. तो ऐकताना मान किंचित तिरकी करायचा, जसं काही प्रत्येक वाक्य उजेडात धरून तपासतोय.

पहिल्या दिवसाचं चित्रण झकास झालं. जुन्या लेन्सनं पाणी रेशमासारखं दिसत होतं आणि आत्याच्या चेहऱ्यावरची एकेक सुरकुती मायेनं टिपली जात होती.

मंगळवारी काम संपल्यावर आत्यानं भिंगरीला कपडे बदलायच्या खोलीत गाठलं आणि विचारलं की तो भिंगवाला आणि तू रोज एवढा वेळ बाकावर काय करता. भिंगरीनं वाफेचं कारण सांगितलं. आत्या टॉवेलनं केस पुसता पुसता थांबली.

"माझा चष्मा रोज सकाळी आत आलं की पांढराफटक होतो," ती म्हणाली. "चपला काढेपर्यंत साफही होतो. लेन्स मोठी, म्हणून पंधरा मिनिटं धर, वीस धर. पाऊण तास?"

 घरी जाताना भिंगरीचा पाय जमिनीवर नीट ठरत नव्हता.

बुधवारी तिनं बिस्किटांचा पुडा पुढं करत सहज विचारलं, "आज थंडी कमी आहे, नाही? लवकर निघेल वाफ?"

त्यानं डोळे बारीक करून छताकडं पाहिलं, हवेत बोटं फिरवली. "ओल वाढलीये मात्र. आज... पन्नास मिनिटं धरू या."

"धरू या," ती म्हणाली, आणि दोघांनीही पाण्याकडं तोंडं फिरवली.

त्याच दुपारी घरी पार्सल आलं. दहा दिवसांनी येणारी लेन्स पाचव्या दिवशीच दारात हजर. बाबा कात्री शोधायला उठले, तर भिंगरीनं पार्सल आपल्याकडं ओढलं आणि म्हणाली की आत्ता नको, सध्याचं काम चांगलं चाललंय, मध्येच बदल नको. बाबांना पटेना. ज्या लेन्सपायी घर डोक्यावर घेतलं ती आली, तर उघडायची नाही? आईनं लेकीच्या तोंडाकडं एकवार नीट पाहिलं, आणि इस्त्रीच्या कपड्यांचा गठ्ठा त्या पार्सलवर ठेवून दिला.

गुरुवार असाच गेला. चांगला गेला, पण पार्सलची गोष्ट तिनं त्याला सांगितली नाही.

शुक्रवारी आत्यानं भिंगवाल्याला धरलं. पाच दिवस माझ्या काठावर कोरडा बसलेला माणूस मी आजवर पाहिला नाही, असं म्हणून तिनं त्याला उथळ पाण्यात उतरवलंच. त्याला पोहता येत नव्हतं, भीती वाटत होती, आणि हे त्यानं लपवलंही नाही. आत्यानं त्याच्या डोक्याखाली हात धरला, उताणं व्हायला सांगितलं. भिंगरी काठावरून चित्रण करत होती. त्याच्याच लेन्समधून तो तिला दिसत होता, गच्च मिटलेले डोळे, पाण्यात बुडालेले कान, आवळलेल्या मुठी. मग एकेक करून मुठी सुटल्या. आत्यानं अलगद हात काढून घेतला आणि तो तरंगत राहिला... तोंडावर लहान मुलासारखं नवल. भिंगरीला फोकस धरवेना.

तो कपडे बदलून आला तेवढ्यात त्याचा फोन वाजला. एक गिऱ्हाईक दुकानाच्या बंद दाराशी दुसऱ्यांदा परत चाललं होतं, चिडलेलं. तो शांतपणे माफी मागत होता, सोमवारपासून सकाळीही उघडं असेल म्हणून सांगत होता. भिंगरी वायर गुंडाळत उभी राहिली. आपण रोज त्याची सकाळ खातोय, आणि आता तर गरज नसताना खातोय, हे तिला तेव्हा झोंबलं.

शनिवारी शेवटचा वर्ग झाला. बायकांनी आत्याला मध्ये घेऊन पाण्यात गोल केला. नऊ वर्षं डोकं पाण्याखाली न घालणाऱ्या बाईनं नाक दाबलं, बुडी मारली आणि खोकत वर आली. तिच्यासाठी टाळ्या झाल्या. आत्यानं शिट्टी वाजवली, सगळ्या बाहेर आल्या. मग खालची झडप उघडली आणि पाणी उतरू लागलं, इतकं हळू की बघताना कळू नये. दुपारपर्यंत दालनात तिघंच उरली. आत्या काठाकाठानं एकटीच फिरत होती. भिंगरीनं कॅमेरा बंद केला, लेन्स काढली आणि त्याच्या हातात दिली.

"माझी लेन्स आलीये," ती म्हणाली. "बुधवारी. घरी कपड्यांखाली ठेवलीये. मी सांगितलं नाही तुम्हाला."

 त्यानं लेन्सच्या दोन्ही बाजूंना टोपणं लावली, पिशवीत ठेवली, बंद केली.

"कोणती?" त्यानं विचारलं.

तिनं नंबर सांगितला.

"चांगली आहे. हिच्यापेक्षा चांगली."

"लेन्सबद्दल कोण बोलतंय?"

त्यानं पिशवी बाकावर ठेवली. "राग यायला हवा मला," तो सावकाश म्हणाला. "तीन दिवस सकाळी दुकान उगाच बंद राहिलं. पण येत नाहीये. आणि एक माझंही आहे... ती वाफ पंधरा मिनिटांत जाते."

"माहितीये. मंगळवारीच आत्या म्हणाली."

त्याच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. "मंगळवारपासून? मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"संपू नये म्हणून."

उतरत्या पाण्याचा आवाज आता नीट ऐकू येत होता. तो तिच्याकडं पाहत होता, आज दोन्ही डोळे सारखे, तपकिरी. तिला आपला श्वास अडकलाय असं वाटलं, पण या वेळी कुणी सांगितलं नव्हतं.

"सोमवारी मी हे सगळं चित्रण जोडायला बसणार आहे," ती म्हणाली. "संध्याकाळी, तुमचं दुकान बंद झाल्यावर... तू येशील?"

तो 'तू' तिच्या तोंडून असाच निसटला. तिनं तो परत घेतला नाही.

"लेन्स नसताना?"

"नसतानाच ये."

तो हसला. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा, काही न दाबता. "येतो गं," तो म्हणाला, आणि त्या 'गं'वर तिनं खाली पाहिलं, कारण तोंडावरचं सगळं लपवणं आता तिच्या हातचं नव्हतं.

पलीकडून आत्याची हाक आली. खोल बाजूला पाणी घोट्यापर्यंत आलं होतं, आणि एकतीस वर्षांत तिथल्या तळावर ती कधी चालली नव्हती. एकटीनं कशाला चालू, म्हणत होती. भिंगवाल्यानं बूट काढले, पँट दुमडली. भिंगरीनं कॅमेरा बाकावरच राहू दिला. तो आधी शिडी उतरला, वळला, हात वर केला. तिनं तो धरला आणि खाली उतरल्यावरही सोडला नाही. समोर आत्या उभी होती. तिनं त्या हातांकडं पाहिलं, चष्मा पुसून पुन्हा एकदा पाहिलं, आणि दुसऱ्या बाजूनं भिंगरीचा हात धरून चालू लागली.