तळ्यात सोडलेलं ताट

त्या मंगळवारी माझे वडील, आबा, अजून होते, आणि मी त्यांच्यावर चिडले होते. त्यांनी स्वतःच्या जेवणाच्या ताटाला खिळ्यानं तीन भोकं पाडली होती.

झालं असं, की निमोण्याच्या आमच्या तळ्यावर एक तरुण पाणी तपासायला आला. पांढरी चकती दोरीनं पाण्यात सोडायची आणि ती कुठवर दिसते ते मोजायचं. दोरी हातातून सुटली, आणि चकती हिरव्या पाण्यात गेली ती गेलीच. मी काठावर कपडे धूत होते. हसू आवरलं नाही.

"हसा," तो म्हणाला. "तुमचा साबणसुद्धा शेवाळाला खाऊच घालतोय."

"मग काय, मळक्या कपड्यांत फिरू?"

"फिरा की. मी ओळखेन..."

तेवढ्यात आबा ताट घेऊन आले. "घ्या सायेब, बांधा याला दोरी. मी पत्रावळीवर जेवीन."

त्या तरुणाचं नाव सम्राट, खुटबावचा. ताट जेमतेम एक वीत खाली गेलं आणि दिसेनासं झालं. मग त्यानं आबांना सांगितलं, की तुम्ही कांद्याला युरिया टाकता आणि त्याच दिवशी मोकळं पाणी सोडता. ते खत वाहत तळ्यात येतं, शेवाळ माजतं, रात्री पाण्यातला प्राणवायू संपवतं, पहाटे माशांना दम लागतो.

"म्हंजी इतकी वर्सं मी शेवाळाची शेती करतूय व्हय?" आबा म्हणाले. मग तळ्याकडच्या वाफ्यांकडे हात केला. "काठाची दोन वाफं सोडतो. गवत लावू. त्यातनं गाळून जाऊ दे पाणी."

सम्राटची गाडी दिसेनाशी झाल्यावर त्यांनी हळूच विचारलं, "गौतमे, पोरगा आवडला का?"

"पाणी नितळलं की सांगते."

"बरं. थांबतो मी."

थांबले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी, कांद्याच्या वाफ्यातच, छातीत कळ आली.

आबा गेल्यानंतरचं पुण्यानुमोदन झालं, त्याच्या दुसऱ्या दिवशी मी काठाचे दोन वाफे मोडून गवताची ठोंबं लावली. शेजारचे पोपटराव बांधावर उभे राहिले. "पोरी, कांद्याच्या रानात गवत? तुझा बाप म्हाळू असता तर हसला असता."

"त्यांनीच सांगितलंय, मामा."

रोज उजाडताच मी काठावर जायची. मासे पाण्यावर तोंड काढून धापा टाकत असायचे. एखादा मरून उताणा तरंगताना दिसला की मी मोजायला लागायची... आज किती? उद्या किती? फक्त मंगळवारी श्वास जरा सैल व्हायचा. त्या दिवशी सम्राट यायचा. तो ताट सोडायचा, मी ओल्या दोरीवर वीत मोजायची.

"सव्वा वीत," मी एकदा म्हणाले.

"तुमची वीत लहान आहे. माझ्या मापानं एकच."

"बघू तुमची."

त्यानं पंजा पुढे धरला. मी माझा जवळ नेला... टेकवला नाही. तरी ऊब कळली.

गवत गुडघ्याएवढं झालं, आणि एका मंगळवारी तो बाटल्या भरता भरता म्हणाला, "पुढच्या वेळेस दुसरा माणूस येईल. मला दौंडकडची तळी दिलीत."

"पण पाणी अजून नितळलं नाही."

"गवताचा गुण यायला दोन-तीन पावसाळे जातील, गौतमी."

पहिल्यांदाच त्यानं नावानं हाक मारली. आणि मी मात्र पावसाळे मोजत राहिले. दोन... तीन... आबांना एक दिवससुद्धा थांबता आलं नव्हतं.

मी त्याच्या हातातून दोरी घेतली आणि ताट सोडलं. एक वीत. दीड वीत. आबांच्या ताटाची कड एकदा चमकली आणि हिरव्यात बुडाली.

"आबा," मी पाण्याकडे बघून मोठ्यानं म्हणाले. बाटलीचं झाकण लावणारा सम्राटचा हात थांबला. "पाणी अजून नितळ न्हाई. तरी सांगते. पोरगा आवडला. त्याच मंगळवारी आवडला होता."