धावपट्टीवर बसलेली माणसं

ड्यूटीवर जाण्याआधी ती मॅनेजरच्या खोलीत डोकावली, ती एवढंच सांगायला की नव्या प्रतीक्षागृहातला फलक चुकलाय. टॉवरमध्ये बसून विमानांना उतरायची परवानगी द्यायची, हे तिचं काम. फलकाशी तिचा संबंध नव्हता. पण त्यावर लिहिलं होतं, 'युद्धकाळात ओसाड माळावर उभारलेला विमानतळ', आणि ते वाचून तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती.

ओसाड? तिची आत्या तिथं जन्मली होती. लष्कराच्या गाड्या आल्या तेव्हा चुलीवरचं तसंच टाकून अख्खं गाव उठलं. युद्ध संपलं की घरं परत, असा शब्द दिला होता. युद्ध संपलं, घरांवरचं काँक्रीट तेवढं राहिलं. लष्कराच्या हँगरमध्ये आता प्रवाशांच्या बॅगा फिरतात, दारूगोळ्याच्या कोठारात आगीचा बंब उभा असतो. आत्या मरेपर्यंत म्हणत होती, मला घरी न्या.

मॅनेजरने ऐकून घेतलं. उद्घाटन तोंडावर आलंय, आणि असलं वाचतं कोण, असं म्हणाला. "चार झोपड्या असतील, मॅडम. त्याचं काय एवढं?"

ती धुमसतच जिना चढली.

दुपार लख्ख होती. विमान उतरायला लागलं आणि वैमानिकाचा आवाज आला, की धावपट्टीवर माणसं आहेत. बायका, मुलं, गाठोडी. सगळी खाली बसलीत.

तिने दुर्बीण लावली. धावपट्टी रिकामी. तरी तिने विमान पुन्हा वर घ्यायला लावलं. दुसऱ्या फेरीलाही तेच. टॉवरच्या काचा घट्ट बंद होत्या, एसी चालू होता, आणि तरीही खोलीत ओल्या लाकडाचा धूर दाटायला लागला. खालून, फार खालून, जात्याची घरघर येत होती...

मॅनेजर धापा टाकत वर आला. विमान उतरवा म्हणाला. तिने साफ नकार दिला. वैमानिकाला भास होतोय आणि तुम्ही फलकाचा राग काढताय, असं सुनावून तो तरातरा खाली गेला, जीप काढली, आणि धावपट्टीच्या मधोमध जाऊन दोन्ही हात पसरून उभा राहिला. बघा, कोण आहे इथं?

तिलाही कुणी दिसलं नाही. थोड्या वेळाने जीप परतली, जिन्यावर पावलं वाजली, आणि तो तिच्या खुर्चीमागे येऊन थांबला.

"टॉवर..." वैमानिकाचा आवाज दबला होता. "जीप गेली. पण तुमचा माणूस मागेच राहिलाय."

"कुठं?"

"त्यांच्यात. जागा करून बसवलंय त्याला... कुणीतरी मांडीवर मूल दिलंय."

ती सावकाश वळली. मॅनेजरचे दोन्ही हात पोटाशी आले होते, एकाखाली एक, आणि उभ्या उभ्या तो अगदी हळू डोलत होता.