कालवच्या डोक्यात काय भरलं होतं?

"आपण कोण? आपलं नाव सांगाल का?"

शाल्मली जागच्या जागी थिजली. देवगडजवळ समुद्राच्या तळाशी एक संशोधन केंद्र होतं, आणि कालव हा तिथला यंत्रमानव. त्यानेच तिला पोहायला शिकवलं होतं. काल संध्याकाळी तर दोघं बुद्धिबळ खेळली होती. आणि आज हा विचारतो, आपण कोण?

"आत्या!" ती किंचाळलीच.

केंद्राच्या प्रमुख असलेल्या तिच्या आत्या धावत आल्या. कालवच्या छातीवरच्या पडद्यावर अक्षरं लुकलुकत होती : 'डिस्क भरली आहे.' आत्यांनी लगेच किनाऱ्यावरच्या तंत्रज्ञांना, पेडणेकरकाकांना, रेडिओवर गाठलं.

"दुपारी पाणबुडीने येतो," काका म्हणाले. "सगळं पुसून नव्याने भरू. दुसरा उपाय नाही."

"सगळं?" शाल्मली म्हणाली. "मग तो मला कायमचा विसरेल!"

"डिस्क म्हणजे आठवणी साठवायची जागा," आत्या म्हणाल्या. "ओळखीची फाईल तो रोज सकाळी नव्याने लिहितो. आज जागाच नव्हती, म्हणून ती कोरी राहिली."

"पण जागा खाल्ली कुणी?"

आत्या तिच्याकडे बघतच राहिल्या. "हे मीही विचारलं नाही बघ. चल, मोजू या."

त्यांनी कालवला कळफलक जोडला. काळ्या पडद्यावर ना चित्रं, ना बटणं. याला आज्ञा-ओळ (यंत्राला टाईप करून हुकूम द्यायची जागा) म्हणतात. तिथे शाल्मलीने दोनच अक्षरं टाईप केली, डी आणि यू. कुठल्या फोल्डरने किती जागा व्यापली आहे, ते ही आज्ञा मोजते. धडाधड हजारो ओळी वाहून गेल्या.

"थांब, एवढं कोण वाचणार!" आत्या म्हणाल्या. "फक्त वरच्या पायरीचे फोल्डर माग, आणि लहानापासून मोठ्यापर्यंत लाव."

आता मोजक्याच ओळी आल्या. फोटो, चाळीस गिगाबाइट. समुद्राचे नकाशे, साठ. शेवटच्या ओळीवर शाल्मलीचे डोळे विस्फारले. नोंदी, म्हणजे कालव स्वतःबद्दल लिहून ठेवतो ती टिपणं, अठराशे गिगाबाइट!

"अगं बाई!" आत्या खुर्चीत बसल्याच. "कालवची अख्खी डिस्कच दोन हजारांची!"

"मग नोंदींच्या आत शिरू," शाल्मली म्हणाली. आत पुन्हा तीच आज्ञा, पुन्हा सगळ्यात मोठा फोल्डर, मग त्याच्या आत. पायरी पायरीने उतरत ती एकाच प्रचंड फाईलपाशी पोचली. तिने ती उघडली.

'उजवा गुडघा उत्तर देत नाही. उजवा गुडघा उत्तर देत नाही.' खाली, आणखी खाली, तेच वाक्य. सेकंदाला हजार वेळा!

"गेल्या वर्षी तो शिडीवरून पडला होता," आत्या पुटपुटल्या. "तेव्हापासून बिचारा ओरडतोय, आणि आपल्याला पत्ताच नाही!"

"मग ही फाईल पुसू?"

"आधी गुडघा. नाहीतर ती पुन्हा भरेल."

गुडघा हलत होता, पण त्याची खबर देणारी एक तार सुटली होती. आत्यांनी ती जोडली. मगच शाल्मलीने फाईल पुसली, आणि कालव पुन्हा सुरू झाला. जुन्या फोटोंवरून त्याने ओळखीची फाईल नव्याने बांधली.

"शाल्मली, तू रडतेस का?" त्याने विचारलं.

पेडणेकरकाका आले तेव्हा तिने त्यांना सगळं दाखवलं. हातातली पेटी त्यांनी खाली ठेवली.

"याच दुखण्यावर मी आजवर तीन यंत्रमानव पुसलेत," ते म्हणाले. "मोजून बघावं, असं एकदाही वाटलं नाही."

मग काकांनी रेडिओ पुढे ओढला. "बाकीच्या केंद्रांना आत्ताच कळायला हवं. आणखी कुणी पुसला जायच्या आत. शाल्मली, तूच सांग."

शाल्मलीने रेडिओचं बटण दाबलं. "ऐका," ती म्हणाली, "काहीही पुसू नका. आधी मोजा."