ताज्या बिया

"रोपं करायचीत की कुंपणाला लावायच्यात?" बियाण्यांच्या दुकानदाराने माप हातात घेत विचारलं.

"पाण्यात टाकायच्यात," ती म्हणाली.

त्याने माप खाली ठेवलं. "मॅडम, शेवगा आहे हा... कमळ नव्हे."

ती खुदकन हसली. बत्तीस वर्षं झाली त्याला. अजूनही शेवग्याची शेंग दिसली की तिला ते हसू नव्याने फुटतं.

ती तेव्हा शहराच्या पाणीपुरवठ्याच्या प्रयोगशाळेत नवी होती. तुरटीऐवजी शेवग्याच्या बियांनी गढूळ पाणी निवळतं का, ते पाहून तीन आठवड्यांत अहवाल द्या, असं साहेबांनी फर्मावलं होतं. दुकानदाराला काही ते पटेना. दुसऱ्या दिवशी आणखी बिया घेऊन स्वारी स्वतःच हजर!

"बघू तरी, माझा माल काय दिवे लावतो!"

तिने बिया सोलल्या, आतला पांढरा गर खलात कुटला, पाण्यात कालवून फडक्यातून गाळला. सहा काचेच्या भांड्यांत नदीचं मातकट पाणी होतं. त्यांत ते दुधी पाणी चढत्या मापाने ओतलं. आधी भरभर ढवळलं, मग अगदी हळू...

"आता?"

"आता अर्धा तास टेबलाला हात लावायचा नाही."

"आणि बोलायचं?"

"बोलायला... हरकत नाही."

मग तो जो बोलत सुटला! झाडांना नावं ठेवत पाणी घालणारी आई, उंदरांनी फस्त केलेलं भोपळ्याचं बी, सगळं सांगून झालं. अर्ध्या तासाने चौथं भांडं बरंच निवळलं होतं. सहाव्यात मात्र बी जास्त झालेलं, पाणी गढूळच.

"अति तिथे माती," तो गंभीरपणे म्हणाला.

"उद्याही आणाल? बिया ताज्या लागतात."

हे साफ खोटं होतं. शिळं चालत नाही ते कुटून गाळलेलं पाणी. बिया वर्षभर टिकतात. पण बोलून गेली खरी! आणि तो रोज येऊ लागला, कागदात मूठभर बिया, शर्टाला मातीचा वास. योग्य प्रमाण पाचव्याच दिवशी सापडलं, तरी ती भांडी मांडत राहिली. त्या अर्ध्या तासाची तिला चटकच लागली होती.

शेवटचा शनिवार उजाडला. सोमवारी अहवाल जाणार, मग त्याला बोलवायला निमित्तच उरणार नव्हतं. सांगावं तर लाज, न सांगावं तर तो गेलाच.

तिने ढवळणं थांबवलं, तेवढ्यात तो आला. खांद्यावर पोतं!

"वर्षभर पुरतील," तो म्हणाला.

"पण... ताज्या—"

"मॅडम, तीन पिढ्यांचं दुकान आहे आमचं. बी किती टिकतं, हे मला ठाऊक नसेल?"

ती कानापर्यंत लाल झाली. "मग पहिल्याच दिवशी का नाही बोललात?"

"पाणी पाचव्या दिवशी निवळलं, तुम्ही तरी कुठे बोललात?"

भांड्यांत गाळ हळूहळू खाली बसत होता.

"म्हटलं, पोतं एकदाचं टाकावं," तो चाचरला. "उद्यापासून... नुसताच आलो तर चालेल?"

"उद्या रविवार. इथे कुलूप असतं." ती क्षणभर थांबली. "घरी या. बाबा असतील."

आणि तिने टेबलावरून हात पुढे केला. त्याने तो इतक्या घाईने धरला की टेबल हललं, अन् सहाही भांडी पुन्हा गढूळ झाली.

निवृत्तीच्या दिवशी तिने प्रयोगांच्या नोंदींची ती जुनी वही नव्या साहेबांकडून मागून आणली. त्या शनिवारचं पान कोरं आहे. वही आता त्या दोघांच्या कपाटात असते.