रेशमाच्या खोलीतली हवा

विचारताय म्हणून सांगते. त्या संध्याकाळी मी नेहमीसारखीच रेघ बघायला गेले होते. आमच्या संग्रहालयात जुन्या रेशमी कपड्यांची एक खोली आहे. तिथल्या हवेत ओलावा किती, हे एक यंत्र टिपतं आणि बाहेरच्या पडद्यावर रेघ काढतं. ओलावा वाढला की बुरशी, उतरला की रेशीम तडकतं. परदेशात हेच शिकून मी परतले, आणि आल्या आल्या त्या खोलीची फट न् फट बुजवून घेतली. हे कपडे आपल्या नातवंडांच्या नातवंडांनीही पाहावेत, असं मला अगदी पोटातून वाटायचं. अजूनही वाटतं.

पण फटी बुजल्यापासून ओलावा उतरतच चालला. वाफेचं यंत्र सतत चालू, तरी ते पाणी कुठे जायचं कळेना. त्या दिवशी एका झग्याची बाही नुसता हात लागताच फाटली.

माझी मावशी तिथेच कपडे दुरुस्त करते.

“कोंडून मारलीस बघ खोली,” ती हसली.

“काहीतरीच काय गं मावशी!”

“बरं बाईसाहेब. मी आतच बसून बाही शिवते. माणसाच्या श्वासाने ओलावा वाढतो, हे तरी शिकवलं ना तिकडे?”

शिकवलं होतं. म्हणून मीच दार लावून घेतलं.

रेघ चढली. हवी तिथे पोचली. मी आनंदाने टाळी वाजवली. मग ती उतरली... पुन्हा चढली... सावकाश, झोपलेल्या माणसाची छाती हलावी तशी.

“मावशी... बास आता.”

मी दाराला कान लावला. नुसती कापडाची सळसळ.

मी दार उघडलं. नुकत्याच अंगावरून उतरवलेल्या कपड्यांना येतो, तसा उबट वास आला. मावशी शांतपणे टाके घालत होती. तिच्या मांडीवरची बाही नव्यासारखी मऊ पडली होती.

“एवढी कसली घाई?” ती म्हणाली.

मी तिला हाताला धरून बाहेर काढलं, दार घट्ट लावलं. आत आता कुणीच नव्हतं. रेघ मात्र... वर... खाली...

रस्त्यावर कडाक्याची थंडी होती. दिव्याखाली माझ्या प्रत्येक शब्दासरशी तोंडातून वाफ निघत होती. मावशी घरापर्यंत बडबडत होती, माझ्या घाबरटपणाची टर उडवत होती, खळखळून हसत होती.

तिच्या तोंडासमोरची हवा... अगदी स्वच्छ होती.