तिकडे पाणी रोज येतं

प्रेमाची पहिली नजरानजर कुठे व्हावी याचे काही संकेत आहेत. बाग, बसस्टॉप, फार तर मैत्रिणीचं लग्न. हिमानी आणि इंद्रजीत यांची भेट पैठणला, गोदावरीच्या घाटावर, दहाव्याच्या पिंडांपाशी झाली. आणि तेव्हा दोघंही एकमेकांकडे नव्हे, एका कावळ्याकडे बघत होते.

हिमानीचे वडील सदाशिवराव फेब्रुवारीत गेले. दहाव्याला पिंड मांडला, पण कावळा शिवेना. कावळा होता. समोरच्या लिंबावर निवांत बसला होता. पण तो काही खाली उतरत नव्हता. म्हणजे गेलेल्याची इच्छा मागं राहिली. ती नातेवाइकांनी ओळखायची आणि मोठ्यानं वचन द्यायचं, असा रिवाज.

रिवाजाची सूत्रं बद्रीनाथकाकांच्या हातात होती. हे सदाशिवरावांचे धाकटे भाऊ, अत्यंत शिस्तीचे. दादाला साखर आणि तेल बंद होतं, म्हणून त्यांनी पिंडाशेजारच्या पानात उकडलेला दुधी, कोरडा फुलका आणि बिनसाखरेचा शिरा वाढला होता. माणूस गेला, पथ्य गेलं नाही. कावळ्यानं पानाकडे एकदा पाहिलं आणि मान फिरवली.

"दादा, वहिनींना अंतर देणार नाही!" काका म्हणाले.

कावळ्यानं पंख खाजवला.

"वरच्या खोलीचं बांधकाम पुरं करतो!"

कावळ्याला बांधकामात रस नव्हता.

काकांनी मग एक दीर्घ श्वास घेतला आणि पलीकडच्या तीरावर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "दादा, हिमानीचं लग्न वर्षाच्या आत लावून देतो!"

आणि कावळा उडाला. थेट खाली आला, सदाशिवरावांच्या पिंडावर टेकला, एक चोच मारली आणि पुढे गेला. काका तिथंच रडायला लागले. गाडीत पुढच्या सीटवर बसलेल्या भानुमतीबाईंनी—हिमानीच्या आईनं—काचेआडून हात जोडले.

हिमानीनं मात्र शेजारी पाहिलं. तिथं दुसऱ्या एका कुटुंबाचा पिंड होता आणि त्याच्यापुढं एक तरुण उकिडवा बसला होता. नुकतंच मुंडण केलेलं डोकं, हातात कागदाचा पुडा, आणि चेहरा असा, जणू त्याचा चेंडू लागून तिच्या घराची काच फुटलीय. तिनं त्याच्याकडे पाहिलं. त्यानं पुडा पाठीमागं लपवला.

दुःखात माणसं काहीही करतात, असं तिला वाटलं.

पुढच्याच आठवड्यात ती शहरात, औरंगपुऱ्यातल्या वाचनालयात बाबांचं राहिलेलं पुस्तक परत करायला गेली. काउंटरवर सत्यभामाबाई होत्या. या बाई वाचकाचा चेहरा बघून पुस्तक देतात, मागितलेलं सहसा देत नाहीत.

"वडील गेले ना तुझे? दुःखात धार्मिक वाचू नये, डोळे दुखतात. हे ने."

कादंबरीचं नाव होतं 'तिकडे पाणी रोज येतं'. आठवड्यातून एकदा नळ येणाऱ्या आमच्या शहरात या नावाची कादंबरी परलोकाविषयीच असणार, हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

ती वळली, तर मागं तेच डोकं. आता त्यावर काळी लव आली होती.

"माय गेली माझी," तो सत्यभामाबाईंना सांगत होता. "झोप नाय येत. कायतरी द्या वाचायला."

"आत्ताच गेलं. ही घेऊन चाललीय."

"दुसरी प्रत?"

"एकच आहे. आणि दुःख तुम्हा दोघांचं ताजं. बरोबर वाचा. इथं बोलायचं नाही, खाली चहावाला आहे."

खाली चहावाल्याकडे दोघं बाकड्याच्या दोन टोकांना बसले. मधे कादंबरी.

"तुम्ही घाटावर होता ना?" हिमानी म्हणाली.

"नाय," तो म्हणाला. मग म्हणाला, "व्हय."

त्याचं नाव इंद्रजीत. घर खुलताबादकडं, शेत तिकडंच, नोकरी इथल्या कंपनीत. आई, सरूबाई, महिनाभर आजारी होती.

"आणि तुम्ही?"

"मी कानांच्या दवाखान्यात असते. लोकांच्या कानांना हेडफोन लावते आणि बारीक आवाज सोडते. ऐकू आलं की बोट वर करायचं."

"आणि नाय आलं तर?"

"बरेच जण तरीही करतात. मला वाईट वाटू नये म्हणून."

तो हसला. मग ती वाचू लागली—हळू, जरा अडखळत.

कादंबरीतला परलोक साधा होता. दारात एक म्हातारी बसलेली. ती पाप-पुण्य विचारत नाही. एवढंच विचारते, "काय राहिलं?" आणि आलेली माणसं फार मोठं काही सांगत नाहीत. एक वकील सांगतो, गॅसचं बटण बंद केलं का ते आठवत नाही. एक बाई सांगते, दुधाला विरजण लावायचं राहिलं. म्हातारी मान हलवते आणि आत सोडते. आत पाणी रोज येतं. पण यावर कुणाचा विश्वास बसत नाही. सगळे सवयीनं ड्रम भरून ठेवतात, बादल्या भरतात, तांब्यासुद्धा. ज्यानं ड्रम भरायचं सोडलं तो शांत झाला, असं तिथं समजतात.

हिमानी थांबली. पुढच्या ओळी तिला नीट दिसेनात.

इंद्रजीत कपाकडे बघत म्हणाला, "माय तर तिकडं गेल्यापासून नळाखालीच बसली असंल. शेजारणीला म्हणत असंल, भरून घे गं बाई, यांचा काय भरवसा..."

हिमानीला हसू आलं, आणि तोंडातला चहा कादंबरीवर. बाबा गेल्यावर ती पहिल्यांदाच हसली होती. त्यानं रुमाल काढला, तिला द्यावा की पुस्तकाला, यावर क्षणभर विचार केला आणि पुस्तक पुसलं.

"सत्यभामाबाई मारतील," तो म्हणाला.

रुमाल तिला नंतर मिळाला. जरा चहाचा होता.

शनिवार ठरले. एक शनिवार, एक प्रकरण. कादंबरी हिमानीच्या घरी असायची. त्याचे केस वाढत होते, ऊन वाढत होतं, आणि बाकड्यावरचं अंतर कमी होत होतं. चहावाल्यानं दुसरं बाकडं दिलं तरी दोघांना ते दिसलं नाही.

"तुमच्या मायचं काय राहिलं असेल?" तिनं एकदा विचारलं.

"लोणच्याच्या बरणीला दादरा बांधायचा. दवाखान्यात पण तेच म्हणायची. बुरशी येईल रं, फडकं बांध." तो थांबला. "बांधला मी. तुमच्या बाबांचं?"

"काका म्हणतात, माझं लग्न."

"आणि तुम्ही?"

"मला वाटतं... कूलरचं गवत. दर उन्हाळ्याला ते स्वतः बदलायचे. घरात सर्कस असायची."

शेवटचं प्रकरण मात्र वाचून होईना. कधी त्याचा घसा बसायचा, कधी तिचा चष्मा घरी राहायचा. तो चष्मा एकदा तिच्या डोक्यावरच होता. त्यानं पाहिला—आणि बोलला नाही.

इकडे बद्रीनाथकाका वचनाला जागत होते. वर्षाच्या आत म्हणजे आत. त्यांनी पुण्याचं एक स्थळ आणलं. मुलाचं नाव हिमांशू. "हिमानी-हिमांशू! पत्रिकेवर काय दिसेल!" काका म्हणाले. मुलगा स्वभावानं कसा आहे, हे पत्रिकेवर दिसणार नव्हतं, म्हणून तो विषय निघाला नाही. तो रविवारी बघायला येणार होता. हिमानी नाही म्हणायला तोंड उघडत होती, तेवढ्यात काकांनी डोळ्यांत पाणी आणलं.

"माझ्या शब्दावर तो कावळा आला गं. दादानं कौल दिलाय."

हिमानीनं आईकडे पाहिलं. आई भाजी निवडत होती. बाबा तृप्त होऊन गेले, या एका गोष्टीवर आई उभी आहे, असं हिमानीला पक्कं वाटत होतं.

शनिवारी सकाळी तिनं इंद्रजीतला फोन केला. "कूलरचं गवत बदलता येतं का तुम्हाला?"

भर मे महिन्यात आमच्याकडच्या मुलीनं एवढं विचारलं, की मुलानं बाकीचं समजून घ्यायचं असतं.

तो दुपारी आला. आई आतल्या खोलीत झोपली होती. त्यानं स्टूल घेतलं, जुनं गवत काढलं, धुळीनं माखला, शिंकला. हिमानी खालून सुतळी देत होती.

"उद्या तो पुण्याचा येतोय," ती म्हणाली. "त्याला गार वाटावं म्हणून काकांनी सांगितलंय."

इंद्रजीतच्या हातातलं गवत तसंच राहिलं.

"हिमानी, एक बोलू?"

"गवत उलटं लागलंय?"

"नाय. त्या दिवशी कावळा... तुमच्या काकाच्या शब्दाला नव्हता आला."

"मग?"

"माझ्या हातात मिरचीभजी होती. मायला लई आवडायची. तिकडं काकाचं वचन संपलं आणि इकडं मी पुडा सोडला. तो भज्यासाठीच उडाला. तुमचा पिंड वाटेत लागला."

"वाटेत लागला?"

"म्हणजे... एसटीचा विनंती थांबा असतो ना. तसा."

हिमानी स्टुलाचा पाय धरून हसली. धरलेला पाय तिनं सोडला असता तर इंद्रजीत पडला असता, इतकी हसली. मग तिनं आतल्या खोलीच्या दाराकडे पाहिलं.

"आईला कळता कामा नये."

"आं?"

"बाबांचा आत्मा शांत झाला, म्हणून ती शांत आहे. कावळा शेजारच्या भज्यासाठी आला होता, असं मी तिला कोणत्या तोंडानं सांगू?"

"मग उद्या?"

"उद्या मी पोहे देईन." तिचा आवाज बारीक झाला. "इतके दिवस का नाही सांगितलंत?"

"तुमच्या आईचाच विचार आला." तो सुतळीशी चाळा करत राहिला. "आणि... सांगितल्यावर तुम्ही परत बाकड्यावर आला नसता तर?"

"भजी गुलमंडीवरची होती का?"

हा आवाज दारातून आला. भानुमतीबाई उभ्या होत्या. झोपलेल्या बाईचा चेहरा असा नसतो.

इंद्रजीत स्टुलावरच सरळ उभा राहिला. "व्हय, काकू."

"मला गाडीतून पुडा दिसला. दुकान नाही दिसलं."

"आई, तुला माहीत होतं?"

"अगं, मी पुढच्या सीटवर होते. सगळ्यात चांगली जागा माझीच." त्या खाटेवर बसल्या. "काका स्थळ घेऊन आले की तुझे बाबा काय करायचे?"

"पेपर उघडायचे."

"आणि शेजारच्या जोशींकडे भजी तळली की?"

"...त्यांची तब्येत विचारायला जायचे."

"मग? दुधीकडं बघून तोंड फिरवलं. वचनं ऐकून जागचे हलले नाहीत. आणि शेजारी पुडा सुटल्याबरोबर झेप! तेव्हाच मला पटलं, हेच आहेत. दुसरं कोणी असतं तर मी नसता विश्वास ठेवला." त्यांनी पदर सारखा केला. "आणि जाता जाता पिंडाला चोच लावली ना, ती मी बघत होते म्हणून. घरीपण असंच. बाहेर खाऊन यायचे आणि माझ्यासमोर एक घास दुधीचा खायचे."

हिमानी आईशेजारी खाटेवर बसली.

"मग काकांना का नाही सांगितलंस?"

"भावजींना मी आयुष्यात पहिल्यांदा रडताना पाहिलं. म्हटलं, त्यांनाही धरायला काहीतरी हवं की. पण धरून धरून ते तुझाच हात धरायलेत, हे आज कळलं. तू तर गप्पच राहिलीस. मला वाटलं, तुला ते स्थळ पसंत आहे."

"आणि मला वाटलं, तुला..."

"दोघी शहाण्या," भानुमतीबाई म्हणाल्या. "बाकी तुझ्या बाबांची काळजी नाही आता. ड्रम भरायचं सोडलंय त्यांनी."

हिमानीनं चमकून पाहिलं.

"दुपारी काय करते मी? पुस्तक घरातच असतं. तुम्ही दोघं काय वाचायलात इतके महिने, कोण जाणे. माझं कधीच संपलं."

त्यांनी तिथूनच काकांना फोन लावला—पुण्याच्यांना नाही कळवा, मुलगा इथंच मिळालाय. पलीकडून बराच आवाज आला. मग स्थळ कोणाचं, कुठलं, आणि शेवटी खालच्या आवाजात—कोणत्यातले?

"भावजी," भानुमतीबाई म्हणाल्या, "कावळा दोन्ही पिंडांवर बसला. त्यानं नाही विचारलं." आणि फोन ठेवून बेसन शोधायला स्वयंपाकघरात गेल्या.

इंद्रजीतनं कूलर सुरू केला. आधी खडखडाट झाला, मग धूळ, मग ओल्या वाळ्याचा वास घरभर पसरला आणि दोघांच्या चेहऱ्यावर बारीक थेंब उडाले. समोरासमोर बसून त्यांनी शेवटचं प्रकरण वाचलं. त्यात फारसं काही घडत नव्हतं. दारातली म्हातारी एकदाची उठते, आत येते आणि तिलाच कोणीतरी विचारतं, "तुमचं काय राहिलं?" ती म्हणते, "मला कोणी विचारायचं राहिलं होतं."

हिमानीनं पुस्तक मिटलं. दोघंही हलले नाहीत. त्याच्या डोक्यावर आता भांग पडण्याइतके केस होते आणि त्यात गवताची एक काडी अडकली होती. तिनं ती काढली. हात परत घ्यायला जरा वेळ लावला.

"तुमचं काय राहिलं?" तिनं विचारलं.

तो काहीतरी म्हणाला. अगदी हळू. वर कूलर घरघरत होता. एसटीच्या इंजिनाशेजारी बसल्यासारखं वाटत होतं. एवढ्या आवाजात एवढं बारीक बोललेलं कोणालाही ऐकू गेलं नसतं.

हिमानीनं बोट वर केलं.

"खरंच आलं?" तो घाबरून म्हणाला. "का मला वाईट वाटू नये म्हणून?"

"खरंच," ती म्हणाली. आणि बोट खाली केलंच नाही.

"मला नाही आलं!" आतून भानुमतीबाई ओरडल्या. "कूलर जरा बंद करा आणि परत म्हणा. आणि मिरच्या किती घालू ते सांगा."

पहिला घाणा निघाला तेव्हा हिमानीनं त्यातलं सगळ्यात मोठं भजं उचललं आणि मागच्या भिंतीवर नेऊन ठेवलं. कोणी काही वचन दिलं नाही. भजं अजून गरम होतं, तोवर ते गेलंसुद्धा.